दोन देश एकमेकांशी व्यापार करतात म्हणजे प्रत्यक्षात काय होतं?

नवशिका_अर्थ

आंतरराष्ट्रीय व्यापाराची प्राथमिक माहिती वाचतोय. व्याख्या पाठ झाल्या, पण पुढच्या गोष्टी काही केल्या डोक्यात बसत नाहीत.

एखादा देश दोन्ही वस्तू दुसऱ्यापेक्षा कमी श्रमात बनवू शकत असेल, तर त्याने त्यातली एक बाहेरून का विकत घ्यावी? विकणारा आणि घेणारा एकमेकांना कधी भेटलेलेही नसतात, मग आधी पैसे की आधी माल हे कसं ठरतं? आयात शुल्क नेमकं कोणाच्या खिशातून जातं, माल पाठवणाऱ्या देशाच्या की घेणाऱ्याच्या? आणि व्यापारात तूट आली म्हणजे देशाचं तेवढं नुकसान झालं असं समजायचं का?

आकड्यांसकट समजावलंत तर फार मदत होईल.

तुलनाकार

पहिला प्रश्न घेतो, बाकीचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये मांडलेलं उदाहरण अजूनही सगळ्यात स्वच्छ आहे, आणि त्यातली परिस्थिती अगदी तुम्ही विचारलीत तीच आहे. ठरावीक माप कापडासाठी इंग्लंडमध्ये १०० माणसांचं वर्षभराचं काम लागतं, पोर्तुगालमध्ये ९० माणसांचं. ठरावीक माप वाइनसाठी इंग्लंडमध्ये १२०, पोर्तुगालमध्ये ८०. म्हणजे पोर्तुगाल दोन्हींत सरस.

दोघांनीही दोन्ही वस्तू एकेक माप घरीच केल्या तर इंग्लंडची २२० आणि पोर्तुगालची १७० माणसं गुंततात. आता इंग्लंडने फक्त कापड केलं, दोन मापं, तर २०० लागतात. पोर्तुगालने फक्त वाइन केली, दोन मापं, तर १६०. एकेक माप अदलाबदल केली की दोघांकडे पूर्वीइतकंच कापड आणि पूर्वीइतकीच वाइन आहे, पण इंग्लंडची २० आणि पोर्तुगालची १० माणसं मोकळी झाली.

याचं कारण असं. इंग्लंडपेक्षा आपण स्वस्त आहोत का, हे पोर्तुगालने बघायचंच नसतं. एक माप वाइन करायची तर आपल्याला किती कापडावर पाणी सोडावं लागतं, हे बघायचं असतं. इंग्लंडमध्ये ते १२० भागिले १००, म्हणजे १.२ माप. पोर्तुगालमध्ये ८० भागिले ९०, म्हणजे साधारण ०.८९ माप. एका माप वाइनची किंमत ०.८९ ते १.२ माप कापडाच्या दरम्यान कुठेही ठरली तरी दोघांचा फायदा आहे. या पट्ट्यात ती कुठे बसेल हे मागणीवर आणि घासाघिशीवर ठरतं, आणि फायद्याची वाटणीही त्यानुसार कमीजास्त होते. पट्ट्याच्या बाहेर गेली तर एक बाजू सौदाच करणार नाही. दोन्ही देशांतलं हे गुणोत्तर अगदी सारखं असेल तर व्यापाराला या कारणापुरती तरी जागा उरत नाही.

आता यातली अवघड बाजू, जी अनेकदा एका ओळीत उरकली जाते. इंग्लंडमध्ये वाइन करणारा माणूस उद्या विणकर होईल असं या हिशेबात धरलेलं आहे. प्रत्यक्षात त्याला दुसरं कौशल्य शिकावं लागतं, कधी गाव सोडावं लागतं, आणि वय झालं असेल तर दोन्ही जमत नाही. फायदा लाखो ग्राहकांत थोडा थोडा वाटला जातो, तोटा मात्र मोजक्या कारखान्यांवर आणि वस्त्यांवर एकदम कोसळतो. देशाचा एकूण फायदा खरा आहे, आणि त्या माणसाचं नुकसानही तितकंच खरं आहे. पहिल्यातून दुसरं भरून काढण्याची व्यवस्था आपोआप होत नाही, ती सरकारला मुद्दाम उभी करावी लागते.

आणखी एक. रिकार्डोच्या हिशेबाने जर्मनी आणि फ्रान्स एकमेकांना मोटारी का विकतात हे कळत नाही. तिथे कारण वेगळं आहे: एकाच मॉडेलच्या लाखो गाड्या काढल्या की दर गाडीचा खर्च उतरतो, आणि ग्राहकाला मात्र निवड हवी असते. म्हणून प्रत्येक देश थोडी मॉडेलं मोठ्या प्रमाणावर बनवतो आणि बाकीची आयात करतो. हे सूत्रबद्ध मांडल्याबद्दल पॉल क्रुगमन यांना २००८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

गोदी_ते_गोदी

दुसरा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला. आधी एक गोष्ट पक्की करा: देश व्यापार करतात ही बोलण्याची सोय आहे. काही सरकारी खरेदी सोडली तर सौदा दोन कंपन्यांमध्ये होतो, देश फक्त नियम घालतात आणि सीमेवर कर घेतात.

विश्वासाचा प्रश्न पैसे देण्याच्या पद्धतीवर सोडवला जातो. आगाऊ पैसे घेतले तर सगळी जोखीम खरेदीदाराची. उधारीवर, म्हणजे ओपन अकाउंटवर माल पाठवला तर सगळी विक्रेत्याची. जुने संबंध असले की बहुतेक व्यापार उधारीवरच चालतो. मधला मार्ग बँकेतून कागदपत्रं वसुलीला पाठवण्याचा, पण त्यात बँक फक्त टपालवाल्याचं काम करते, पैशांची हमी देत नाही. अनोळखी माणसाशी पहिलाच सौदा असेल तर लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे एलसी: ठरलेले कागद दिले की पैसे देऊ, अशी खरेदीदाराच्या बँकेची लेखी हमी.

एलसीचा प्रवास असा. करार झाला की खरेदीदार आपल्या बँकेकडून एलसी उघडून घेतो. ती बँक विक्रेत्याच्या देशातल्या बँकेला स्विफ्टवर, म्हणजे बँकांच्या संदेशांच्या जाळ्यावर, एमटी ७०० हा संदेश पाठवते. ती बँक संदेश खरा असल्याची खातरजमा करून तो विक्रेत्याला देते. एलसी म्हणते: या तारखेपर्यंत माल जहाजावर चढव, ही ही कागदपत्रं सादर कर, मी पैसे देईन. मग विक्रेता माल चढवतो, जहाज कंपनीकडून बिल ऑफ लेडिंग घेतो, त्याला इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, विमा आणि उत्पत्तीचा दाखला जोडून बँकेत देतो. कागद बरोबर असतील तर पैसे मिळतात. कागद खरेदीदाराच्या बँकेत जातात, तिचे पैसे चुकते करून खरेदीदार बिल ऑफ लेडिंग सोडवतो आणि ते दाखवून बंदरातून माल उचलतो.

सगळा खेळ बिल ऑफ लेडिंगवर आहे. हा कागद म्हणजे जहाज कंपनीला माल मिळाल्याची पावती आहे, वाहतुकीच्या कराराचा पुरावा आहे आणि मालावरचा हक्कही त्याच कागदात आहे. सहसा तीन मूळ प्रती निघतात आणि त्यांतली एक दाखवली की माल सुटतो, बाकीच्या बाद होतात. म्हणूनच बँक पूर्ण संच मागते. एक प्रत जरी बाहेर राहिली तरी दुसराच कोणी माल घेऊन जाऊ शकतो.

एलसीचे नियम यूसीपी ६०० या नियमावलीत आहेत, १ जुलै २००७ पासून लागू. त्यातल्या काही गोष्टी तोंडपाठ हव्यात. कागद तपासायला बँकेला जास्तीत जास्त पाच बँक-दिवस मिळतात. एलसीत वेगळी मुदत दिली नसेल तर माल चढल्यापासून २१ दिवसांच्या आत कागद सादर झाले पाहिजेत, आणि तेही एलसीची मुदत संपण्याआधी. इन्व्हॉइसवरचं मालाचं वर्णन एलसीतल्या वर्णनाशी जुळलंच पाहिजे. विम्याची रक्कम सीआयएफ (माल, विमा आणि भाडं मिळून होणाऱ्या) किमतीच्या किमान ११० टक्के हवी आणि विमा माल चढण्याच्या दिवसापासून तरी लागू असला पाहिजे. वजनावर विकलेल्या सुट्या मालाला ५ टक्के कमीजास्त चालतं, एकूण रक्कम एलसीच्या वर जात नसेल तर. पण एलसीत ४,००० पोती असं लिहिलं असेल तर ३,९९० चालत नाहीत, कारण ही सवलत नगांना आणि पोत्यांना लागू नाही.

बिघडतं ते नेहमी याच जागी: जहाज चुकल्याने तारीख उलटते, बिल ऑफ लेडिंगवर माल जहाजावर चढल्याची नोंद राहून जाते, किंवा खोकी फुटल्याचा शेरा त्यावर येतो. अशी विसंगती सापडली की बँकेची हमी गळून पडते आणि पैसे मिळणं खरेदीदाराच्या मर्जीवर येतं. बाजारभाव दरम्यान उतरलेला असेल तर तो हमखास सूट मागतो. यावर उपाय एकच, आणि तो माल तयार करायला घेण्याआधीचा: एलसी हातात आल्याच्या दिवशी ती करारासमोर ठेवून ओळ न ओळ वाचा आणि जे पाळता येणार नाही ते तेव्हाच बदलून घ्या. खरेदीदाराच्या बँकेवर किंवा त्या देशाच्या परकीय चलनाच्या स्थितीवर भरवसा नसेल तर आपल्या देशातल्या बँकेकडून एलसी कन्फर्म करून घ्या. खर्च वाढतो, पण मग हमी घरच्या बँकेची असते.

खर्च आणि जोखीम कुठे हस्तांतरित होते ते इनकोटर्म्स, म्हणजे खरेदी-विक्रीच्या ठरावीक आंतरराष्ट्रीय अटी, सांगतात. सध्याची आवृत्ती २०२० ची, एकूण ११ अटी. सीआयएफमध्ये विक्रेता पोहोचण्याच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा भरतो, पण जोखीम माल निघण्याच्या बंदरात जहाजावर चढताच खरेदीदाराकडे गेलेली असते. वाटेत माल बुडाला तर विमा कंपनीकडे खरेदीदाराने जायचं. मालाची मालकी कधी बदलते हे इनकोटर्म्स ठरवत नाहीत. ते करारात वेगळं लिहावं लागतं.

फॉरवर्डर_डेस्क

वरच्या प्रतिसादाला एक महत्त्वाची पुरवणी. कंटेनरने माल जाणार असेल तर एफओबी (विक्रेत्याचा खर्च फक्त माल जहाजावर चढेपर्यंत) आणि सीआयएफ वापरू नका. या अटींत जोखीम जहाजावर चढल्यावर हलते, पण विक्रेता भरलेला कंटेनर त्याच्या कितीतरी दिवस आधी टर्मिनलवर सोडून आलेला असतो. मधल्या काळात क्रेनवरून कंटेनर पडला तर नुकसान विक्रेत्याचं, आणि त्यावर त्याचा काडीचा ताबा नसतो. कंटेनरसाठी एफसीए, सीपीटी, सीआयपी या अटी आहेत, त्यांत माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की जोखीम हलते. एलसी जहाजावर चढल्याची नोंद मागते आणि एफसीएत ती मिळत नाही, ही जुनी अडचण होती. २०२० च्या आवृत्तीत त्यासाठी सोय केली आहे: खरेदीदाराने जहाज कंपनीला सांगून विक्रेत्याला तशी नोंद असलेलं बिल ऑफ लेडिंग द्यायला लावायचं, असं करारात ठरवता येतं.

लाकडी पॅलेट किंवा पेट्या असतील तर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडातून कीड पसरू नये म्हणून केलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा, शिक्का बघा. लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटं राहील अशी उष्णता देणं ही त्यातली नेहमीची प्रक्रिया आहे. शिक्का नसेल तर माल कितीही उत्तम असो, पॅलेटपायी अख्खा कंटेनर अडकतो किंवा परत जातो. आणि १ जुलै २०१६ पासून कंटेनरचं भरलेलं वजन प्रमाणित करून कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवत नाहीत.

कागद उशिरा पोहोचले की दोन मीटर पडायला लागतात. मोफत दिवस संपल्यावर टर्मिनलवर उभ्या असलेल्या भरलेल्या कंटेनरचं डिमरेज, आणि बाहेर नेलेला कंटेनर रिकामा करून वेळेत परत न केल्याचं डिटेन्शन. प्रवास लहान असेल तर जहाज कागदांच्या आधी पोहोचतं, म्हणून अशा मार्गांवर बिल ऑफ लेडिंग कसं सोडवायचं हे आधीच ठरवून ठेवा.

नवशिका_अर्थ

फारच उपयोगी! पण एक शंका. बँक फक्त कागद बघते, माल बघतच नाही? मग खोक्यांत दगड भरून पाठवले आणि कागद चोख केले तर?

गोदी_ते_गोदी

तर बँक पैसे देईल. बँकेचा व्यवहार कागदांशी आहे, मालाशी नाही, हे नियमावलीत स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे. बिल ऑफ लेडिंगचाही इथे आधार नाही. बंद कंटेनरमध्ये अमुक माल असल्याचं विक्रेता सांगतो एवढंच जहाज कंपनी त्यावर नोंदवते.

खरेदीदाराने आपला बचाव एलसीतच घालायचा असतो. माल चढण्याआधी त्रयस्थ तपासणी संस्थेचा दाखला हा सक्तीच्या कागदपत्रांपैकी एक करायचा, आणि संस्था कोण, काय तपासणार, नमुने किती घेणार, कंटेनर तिच्यासमोर सील होणार का, हेही लिहायचं. सीलचा क्रमांक दाखल्यावर आणि बिल ऑफ लेडिंगवर एकच आला पाहिजे. नुसतं "तपासणी दाखला" असं लिहिलं तर विक्रेता स्वतःच्याच सहीचा आणून देतो आणि तो चालतो. फसवणुकीचा ठोस पुरावा पैसे जाण्याआधी हाती आला तर न्यायालयातून मनाई आणता येते, पण वेळ फार थोडा असतो.

शुल्कपत्रक

शुल्काबद्दल. सीमेवर रोख भरणारा कायम आयातदार असतो. माल पाठवणारा देश त्यात एक पैसा भरत नाही. पुढे तो बोजा कोणावर सरकतो हे वेगळं. विक्रेत्याला दुसरं गिऱ्हाईक नसेल तर तो भाव उतरवून थोडा भार उचलतो, नाहीतर तो ग्राहकापर्यंत जातो. २०१८ मध्ये अमेरिकेने आयात वॉशिंग मशीनवर शुल्क लावलं तेव्हा त्यांच्या किमती साधारण १२ टक्क्यांनी वाढल्या. कपडे वाळवायच्या ड्रायरवर शुल्क नव्हतं, तरी त्याच्याही किमती वाढल्या, कारण तिथे दोन्ही यंत्रं जोडीने विकली जातात. आयात थोपवल्यावर देशी उत्पादकांनीही भाव चढवले.

हिशेब असा करतात. मालाची एफओबी किंमत १०,०००, भाडं ९००, विमा १००, म्हणजे सीआयएफ ११,०००. शुल्क १० टक्के असेल तर १,१००. त्यानंतर देशांतर्गत मूल्यवर्धित कर, समजा २० टक्के, तो मूळ किमतीवर नाही तर शुल्कासकट १२,१०० वर, म्हणजे २,४२०. सीमेवर एकूण ३,५२० भरायचे. बहुतेक देश सीआयएफ किमतीवर शुल्क घेतात. अमेरिका एफओबीवर घेते, तिथे शुल्क १,००० च येईल. मूल्यवर्धित कराची वजावट व्यापाऱ्याला पुढे मिळते, सीमाशुल्काची मिळत नाही. दोन्ही एकत्र करून "ड्यूटी" म्हणणारे आपला खर्च चुकीचा मांडतात.

दर कोणता हे एचएस कोडवर, म्हणजे वस्तूच्या वर्गवारीच्या क्रमांकावर, ठरतं. जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही पद्धत १९८८ पासून लागू आहे. पहिले सहा अंक जगभर सारखे, पुढचे प्रत्येक देशाचे आपापले. कॉफी बघा: न भाजलेल्या बिया ०९०१.११, भाजलेल्या ०९०१.२१, आणि इन्स्टंट कॉफी एकदम २१ व्या प्रकरणात, २१०१.११. युरोपीय संघात न भाजलेल्या बियांवर सर्वसाधारण दर शून्य आहे, भाजल्या की ७.५ टक्के. कच्च्या मालावर कमी आणि प्रक्रिया केलेल्यावर जास्त, हा नमुना पुष्कळ देशांत दिसतो. मला हा भाग सगळ्यात अन्यायाचा वाटतो, कारण बिया पिकवणाऱ्या देशाने भाजण्याचा कारखाना काढला की त्याच क्षणी त्याच्यापुढे भिंत उभी राहते.

दर मनाला येईल तसे लावता येत नाहीत. १९४७ मध्ये २३ देशांनी गॅट या शुल्क आणि व्यापाराविषयीच्या करारावर सह्या केल्या, आणि १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना आली, आज तिचे १६६ सदस्य आहेत. मुख्य नियम दोन. एका सदस्याला दिलेली सवलत सगळ्या सदस्यांना द्यायची, आणि माल सीमा ओलांडून आत आला की त्याला देशी मालापेक्षा वाईट वागणूक द्यायची नाही. शिवाय प्रत्येक सदस्य कमाल दर लिहून देतो. प्रत्यक्षातला दर त्याहून कमी असू शकतो, जास्त नाही. पहिल्या नियमाला मोठा अपवाद मुक्त व्यापार करारांचा. मात्र या संघटनेचं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद पडलं आहे, नवे सदस्य नेमायला अमेरिकेने संमती न दिल्यामुळे. व्यापाराच्या वादात हरणारा देश त्या बंद मंडळाकडे अपील करतो आणि निकाल लटकतो.

मुक्त व्यापार कराराची सवलत आपोआप लागत नाही, हे विसरून बरेच जण पूर्ण शुल्क भरतात. माल त्या देशात नुसता चढून चालत नाही, तिथे तयार झाला आहे हे सिद्ध करावं लागतं. पूर्ण तिथेच पिकलेला, किंवा प्रक्रियेने त्याचा चार अंकी एचएस शीर्षक बदललेला, किंवा ठरावीक टक्के मूल्य तिथे वाढलेला, यांपैकी कोणती कसोटी लागू आहे ते त्या वस्तूसाठी करारातच दिलेलं असतं. दुसऱ्या देशातून आणून फक्त खोकी बदलणं किंवा लेबल लावणं यात कुठेच बसत नाही.

चलनवलन

शेवटचा प्रश्न तुटीचा. समजा देशाने १०० ची आयात केली आणि ८० ची निर्यात. वरचे २० कुठून आले? परदेशी लोकांनी त्या देशातले रोखे, शेअर, जमीन किंवा कारखाने घेतले, कर्ज दिलं, किंवा मध्यवर्ती बँकेने गंगाजळीतून डॉलर काढले. चालू खात्यावरची (परदेशांशी होणारा व्यापार आणि उत्पन्नाची देवघेव यांच्या हिशेबातली) तूट आणि बाहेरून आलेलं भांडवल या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत, त्या जुळाव्याच लागतात. वेगळ्या शब्दांत, देशातली गुंतवणूक देशातल्या बचतीपेक्षा जेवढी जास्त, तेवढी चालू खात्याची तूट.

म्हणून तूट म्हणजे नुकसान नव्हे, ते बाहेरच्या पैशावर चाललेलं काम आहे. तो पैसा वीजकेंद्रात आणि यंत्रात गेला तर परतफेडीची सोय होते. नुसत्या वापरात गेला, आणि तोही परकीय चलनातल्या अल्पमुदतीच्या कर्जातून, तर कर्ज देणारे एका दिवशी हात आखडतात आणि चलन कोसळतं. तूट किती यापेक्षा ती कशाने भरली जाते आहे हे आधी बघा. आणि हेही कळतं की बचत-गुंतवणुकीचं गणित तेच ठेवून एका देशाविरुद्ध शुल्क लावलं तर एकूण तूट फारशी हलत नाही, आयात दुसऱ्या देशातून होऊ लागते.

वर स्विफ्टचा उल्लेख आला. स्विफ्टमधून पैसे जात नाहीत, संदेश जातात. पैसे बँकांनी एकमेकांकडे उघडलेल्या खात्यांत नावे-जमा होतात. सौद्याचं चलन बऱ्याचदा दोघांपैकी कोणाचंच नसतं, डॉलर असतं. पैसे ९० दिवसांनी येणार असतील तर तेवढ्यात दर फिरून नफा खाऊन टाकू शकतो, म्हणून त्याच दिवशी बँकेशी फॉरवर्ड करार करून दर बांधून घेतात. जोखीम मग उरते ती खरेदीदाराने पैसेच न दिल्याची, कारण फॉरवर्ड तरीही पुरा करावा लागतो.

आकडे वाचताना दोन गोष्टी सांभाळा. दोन देशांमधली तूट फार सांगत नाही, कारण फोनची जोडणी जिथे झाली त्या देशाच्या नावावर पूर्ण किंमत पडते, आतले सुटे भाग पाच देशांतून आलेले असले तरी. दुसरं म्हणजे निर्यातीची नोंद सहसा एफओबीने होते आणि आयातीची सीआयएफने. त्यामुळे एकाच मालाचा आकडा घेणाऱ्या देशाच्या वहीत मोठा दिसतो. त्यात तिसऱ्या बंदरातून वळवलेला माल एका बाजूला एका देशाच्या नावावर आणि दुसऱ्या बाजूला भलत्याच देशाच्या नावावर चढतो. दोन्हीकडचे आकडे ताडून बघायचे तर आधी भाडं-विमा वजा करा आणि मग वळवलेल्या मालाची नोंद शोधा.